मुलुंडमधली समुद्रसपाटी

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राची इतकी उठाठेव करणारा माणूस आमच्या शेजारच्या काकांखेरीज उभ्या मुलुंडात सापडायचा नाही. नोकरी विम्याच्या कचेरीत झाली, पण जीव अडकला तो उष्ण समुद्रांतल्या बेटांवरच्या चुनखडकात. जिन्यात भेटले, की माझ्या हातात भाजीची पिशवी आहे का गव्हाचं पोतं, हे न बघता सुरू व्हायचे. "अरे, हिमयुगात पाण्याचा बर्फ झाला, की समुद्र उतरायचा. पोवळ्यांचे खडक उघडे पडायचे. बर्फ वितळला की परत वर. आणि जिथे बराच काळ थांबला, तिथे लाटांनी कड्याला खाच. ती आज डोक्याच्या वर दिसते. समजलं?" मी समजलं म्हणायचो, कारण नाही म्हटलं की हिमयुग पुन्हा पहिल्यापासून यायचं.

घरात पुराव्याला बादली होती. बोअरिंगचं पाणी जिथवर थांबायचं तिथे, कड्यावरच्या खाचेसारखी, तिच्यात आतून क्षाराची पांढरी रेघ धरायची. काका ती जपायला बघायचे आणि काकू दर रविवारी लिंबाच्या सालीनं घासून टाकायच्या. "अहो, बादली आहे ती. आंघोळीला लागते." चाळीस वर्षांच्या संसारात भांडण काय ते एवढंच, पण ते अख्ख्या मजल्याला पाठ होतं.

यातली गोम अशी, की काकांनी तसलं एकही बेट पाहिलं नव्हतं. सत्तरी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा लेकीनं अंदमानची तिकिटं काढली. "एकदा ती खाच या डोळ्यांनी बघितली की झालं," म्हणत काकांनी महिनाभर आधी मोजपट्टी बॅगेत टाकली. आणि आयुष्यभर समुद्र चढवला-उतरवला त्या माणसाला अर्ध्या तासात बोट लागली. बेटाच्या धक्क्यावर ते डोळे मिटून बाकावर आडवे झाले, ते परतीची बोट सुटेपर्यंत. कड्यापर्यंत काकूच जाऊन आल्या. मोजपट्टी बॅगेतच राहिली.

परतल्यावर मी विचारलं, तर काका म्हणाले, "हिला विचार." मला फार वाईट वाटलं. हल्ली संध्याकाळी गॅलरीत काकू बोलतात आणि काका ऐकतात.

"किती उंच होती गं?" हे रोज.

काकू टाचा उचलून हात वर करतात. "याच्याही वर. माझा हात नाही पोचला."

परवा त्यांच्या मोरीतला गळका नळ बघायला गेलो. बादलीतली पांढरी रेघ चांगली बोटभर जाड झाली होती.

"काकू, रविवारी घासली नाहीत?"

त्यांनी गॅलरीकडे एकदा बघितलं.

"राहू दे रे," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांना बघायला तेवढीच आहे."