सासऱ्यांच्या फोटोचा फोटो

सासऱ्यांच्या फोटोचा फोटो काढताना मी फ्रेमची काच काढली नाही. ते गेल्यावर कोंडाणे गावी सासूबाईंकडे त्यांचा तेवढा एकच फोटो उरला होता. त्याला ओल लागली होती आणि डाग चेहऱ्यापर्यंत पोचायच्या आत प्रत हवी होती. बायको म्हणाली, "कर्जतच्या स्टुडिओत द्या." पण नवा बॉक्स कॅमेरा गळ्यात असताना मी कसला ऐकतोय! फ्रेम अंगणात ओट्याला टेकवली आणि ऐटीत खटका दाबला.

रोल धुऊन आला, तेव्हा सासऱ्यांच्या तोंडावर काचेतलं माझंच प्रतिबिंब पसरलं होतं, पांढऱ्या सदऱ्यासकट. सासूबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"जावईबापू, जिवंतपणी त्यांना कधी बोलू दिलं नाय तुमी. आता दिसू पण देत नाय!"