काकीच्या जिभेची डावी कड

मी दंतवैद्य नाही. तरी एका हिवाळ्यात डिचोली-सुर्ल्याच्या पट्ट्यातल्या कित्येक माणसांना मी चेहऱ्याआधी जिभेवरून ओळखायला लागलो होतो. भेगाळलेल्या जिभा, नकाशासारखे पट्टे पडलेल्या जिभा, पानाने कायमच्या रंगलेल्या जिभा. एकाची तर इतकी लांब, की तो ती नाकाच्या शेंड्याला लावून दाखवायचा आणि आम्ही वहीत त्याची नोंद केली नाही म्हणून रुसायचा. तो सगळा हिवाळा मी आनंदाने तरंगत होतो. त्या तरंगण्यात मी जे केलं, ते कागदावर उतरवायला मात्र मला इतकी वर्षं लागली.

गोवा राज्य होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मी पदवी घेऊन घरी बसलो होतो. घर म्हणजे काकीचं घर. आई मी लहान असताना गेली, काका पुढे काही वर्षांनी गेले, आणि मला वाढवलं ते काकीने. ती पेडण्याची लेक, बोलणं तिथलंच. घर अगदी खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून होतं. तुळस लाल, कपडे लाल, जनेल उघडलं की खिडकीच्या कठड्यावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी लाल धूळ.

अशात गोव्याबाहेरच्या एका दंतमहाविद्यालयातल्या डॉक्टर बाई आमच्या भागात आल्या. खाणींच्या गावांतल्या लोकांची तोंडं तपासायची, विशेषतः जिभा आणि गालांच्या आतल्या बाजू, असं त्यांचं संशोधन होतं. लोकांना त्यांच्या बोलीत प्रश्न विचारील आणि उत्तरं इंग्रजी फॉर्मात भरील असा माणूस त्यांना हवा होता. तो मी झालो. बाई मला ‘अहो लेखनिक’ म्हणायच्या आणि मला ती पदवी माझ्या खऱ्या पदवीपेक्षा मोठी वाटायची.

शाळेच्या व्हरांड्यात आमचं बस्तान होतं. पहिल्या दिवशी ट्रक ड्रायव्हरांची रांग लागली. पहिला होता सावंतवाडीकडचा. तो तोंड उघडीना.

“आधी तुमची दावा,” तो बाईंना म्हणाला.

बाईंनी एक क्षण त्याच्याकडे पाहिलं आणि सरळ जीभ बाहेर काढली, चांगली हनुवटीपर्यंत. सगळी रांग हसून लोटपोट. मग काय, ड्रायव्हर एकामागून एक जीभ काढूनच पुढे येऊ लागले. भाषेच्या आंदोलनाची धग अजून पुरती विझली नव्हती. कोल्हापूरकडचा एक जण मागून ओरडला, “भांडान भाषेचं, अन् ह्या जीभ बघाया लागल्यात! बाई, माझी कोल्हापुरी हाय, चालंल न्हवं?”

“चालेल, पण तिच्यावरचा चुना धुऊन या,” बाई म्हणाल्या.

बायकांचा प्रश्न वेगळा. सासऱ्यासमोर सुनेने जीभ कशी काढायची? एका घरातली तर सासूच आडवी आली. शेवटी वर्गात चादर बांधून पडदा केला. पलीकडे बाई, अलीकडे मी. आणि दुसऱ्या दिवसापासून नवीनच अडचण. डॉक्टरीण जीभ बघते ही बातमी पसरल्यावर बायका आदल्या संध्याकाळी माडाच्या हिराने जिभा खरवडखरवडून यायला लागल्या. लग्नाला जाताना समई घासावी तशा लखलखीत जिभा. बाई वैतागल्या, “अहो, मला रोजची जीभ हवी, सणाची नको!”

संध्याकाळी काम आटोपल्यावर बाई मला जिभेचं शास्त्र शिकवायच्या. शेंड्यावर गोड, कडांना आंबट, मागे कडू, हे मी शाळेत पाठ केलं होतं. “चूक आहे ते,” त्या म्हणाल्या आणि माझ्याच जिभेवर सिद्ध करून दाखवलं. डोळे मिटून बसायचं आणि त्या कापसाच्या बोळ्याने कधी साखरेचं पाणी, कधी काडेचिराईताचा काढा हव्या त्या जागी टेकवणार. माझ्या जिभेच्या अगदी शेंड्यावर चिराईत टेकवलं आणि ते असं कडू लागलं की मी विहिरीपर्यंत पळालो. परत आलो तो हसत. पुस्तकात छापलेली गोष्ट खोटी निघू शकते, आणि ती खोटी ठरवणारी जीभ माझी! त्या रात्री मला कितीतरी वेळ झोप लागली नाही.

आता ती चूक.

फॉर्मात एक रकाना होता तंबाखूचा. मी पडद्याअलीकडून प्रत्येक बाईला विचारायचो, “तंबाखू खाता?” आणि पलीकडून हशा यायचा. “शी! आमी कोण, ड्रायव्हर?” मी ‘नाही’वर खूण करायचो. काकी आली, तिलाही विचारलं. तिने पडद्यामागून मला झापलं, “लाज नाय तुका? काकीक विचारतंय तंबाखू खाता काय!” मी ‘नाही’वर खूण केली.

आणि खरं सांगतो, तेव्हा मी खोटं लिहीत नव्हतो. आमच्याकडे तंबाखू म्हणजे पुरुष चुना लावून गालात ठेवतात ती. बायका मशेरी लावायच्या. तव्यावर भाजून काळी केलेली, हाताने चुरलेली पूड, बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना चोळायची. लावायच्या असंही सहसा कोणी म्हणत नसे, दात घासायच्या. ती पूड तंबाखूच्याच पानांची असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. डिचोलीच्या बाजारातून काकीसाठी ती पानं मीच आणायचो. पण एक पिशवीतली आणि एक फॉर्मातली, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी समोरासमोर आल्याच नव्हत्या.

त्या आल्या एका दुपारी. बाईंनी सगळे फॉर्म बाकांवर पसरले होते आणि त्या बाकांमधून येरझारा घालत होत्या. अचानक थांबल्या.

“लेखनिक, हे बघा. पुरुषांच्या तोंडात पांढरे चट्टे आहेत, ते तंबाखूने, ठीक. पण बायका? तंबाखू नाही, विडी नाही, दारू नाही. तरी चट्टे!” त्यांनी जनेलातून बाहेर बोट दाखवलं. लाल ढग उडवत एक ट्रक चालला होता. “धूळ! दुसरं काय असणार? हे अजून कोणी लिहिलेलं नाही.”

बाई लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होत्या. मला त्याच क्षणी तव्यावर भाजल्या जाणाऱ्या पानांचा वास आठवला. घशाशी शब्द आले. तेवढ्यात त्या म्हणाल्या, “लेख छापून येईल तेव्हा आभारात तुमचं नाव घालणार मी.”

आणि मी शब्द गिळले. छापलेल्या नावाच्या मोहाने गिळले, याला दुसरं काहीही कारण नाही. तो आठवडा आम्ही दोघं वेड्यासारखे आनंदात होतो. बाईंनी सगळ्यांना खाजं वाटलं. मी सायकलवरून जाताना ट्रकांच्या धुळीकडे अशा प्रेमाने बघायचो, की जणू ती माझ्यासाठीच उडत होती.

फक्त एक गोष्ट त्या आनंदात काट्यासारखी होती. पांढरा चट्टा काकीच्याही तोंडात होता. जिभेच्या डाव्या कडेला, खालच्या बाजूला. मला पडद्याआत बोलावून बाईंनी जाळीच्या कापडात जिभेचा शेंडा धरून ती उजवीकडे ओढली होती आणि टॉर्च लावून बराच वेळ पाहिलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, “असे चट्टे कधीकधी पुढे कर्करोगाकडे जातात. ज्याने झाला ते थांबवलं तर बहुतेक मावळतो.”

ज्याने झाला ते! बाईंनी सांगितलं धुळीपासून जपा, तोंड स्वच्छ ठेवा. काकी आज्ञाधारक. ती तोंडाला ओला फडका बांधून अंगण झाडायला लागली आणि धूळ तोंडात राहू नये म्हणून सकाळी एकदा दात घासायची ती दिवसातून चार वेळा घासायला लागली. मशेरीने. मी तिच्यासाठी दुप्पट पानं आणली. हो, आणली. दुकानदाराने विचारलं, “घरात पावणे आयले?” आणि मी हसून मान हलवली.

बाईंना पहाटेच्या पहिल्या ट्रकापासून धूळ घरात कशी शिरते ते पाहायचं होतं, म्हणून त्या एक दिवस आमच्याकडे राहायला आल्या. काकीला आकाश ठेंगणं झालं. सकाळी पाव, खोबऱ्याची चटणी, अळूची पानं कुणाकुणाकडून मागून आणलेली. मी उठून मागीलदारी आलो तर बाई कपडे धुण्याच्या दगडापाशी उभ्या, आणि काकी त्यांच्या तळहातावर केळीच्या पानाच्या तुकड्यातून चिमूट चिमूट काळी पूड घालत होती. ताजी, कालच भाजलेली, घरातली सगळ्यात चांगली. पाहुणीला आपल्या डब्यातली मशेरी देणं म्हणजे आमच्याकडे मानाची परिसीमा.

“घासा बाई, दात घासा. बाजारची न्हय, घरची.”

“वा, कोळशाची पूड!” बाई म्हणाल्या आणि बोट भरून घेतलं.

मी ओरडू शकलो असतो. माझ्या आणि त्यांच्यात चार पावलं होती. मी तिथे उभा राहून एका शास्त्रज्ञ बाईला मशेरी लावताना पाहिलं.

दोन मिनिटं त्या मन लावून घासत होत्या. मग त्यांचं बोट थांबलं. त्यांनी माडाकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग पुन्हा माडाकडे, जणू तो जागा बदलत होता. “काकी, विहीर फिरतेय,” त्या म्हणाल्या आणि दगडावर मटकन बसल्या.

“पयल्या दिसा फिरताच ती,” काकी समजुतीने म्हणाली. “मागीर लागाना.”

बाईंनी थुंकून चुळा भरल्या, कपाळावर घाम, आणि डोळे गरगरत असतानाच विचारलं, “काकी, ही कशाची?”

“कशाची म्हणजे? तंबाखूची! आनी कशाची?”

“पण तुम्ही तर म्हणालात तंबाखू खात नाही!”

“खावचे पुरुष. आमी दात घासतो.” काकीने कमरेवर हात ठेवले. “आमच्या वाड्यार सगळ्यो घासतत.”

बाई हसायला लागल्या. दगडावर डोकं धरून, गरगरत, काळ्या दातांनी हसत होत्या. त्यांचं हसू इतकं संसर्गजन्य होतं की काकीही हसायला लागली, आणि मीही. आणि हसताहसताच बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

माझं हसू गळून पडलं. “हो.”

“कधीपासून?”

“त्या दुपारपासून. तुम्ही आभारात नाव घालते म्हणालात तेव्हापासून.”

काकीने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं नाही, पण मला कशाची तरी लाज वाटतेय एवढं कळलं. मी तिला तिथेच सांगितलं, की तिच्या जिभेवरचा चट्टा धुळीचा नाही, ह्या पुडीचा आहे, आणि हे माहीत असून आठवडाभर मी तिला पानं आणून दिली. केळीचं पान तिने दुमडून कनवटीला खोचलं आणि आत निघून गेली. मला वाटलं आता मार बसेल. त्याऐवजी थोड्या वेळाने आतून हाक आली, “पुता, चाय निवता.” चहा थंड होत होता. तिची माफी नेहमी अशीच येते.

बाई रागावल्या, नाही असं नाही. पण मला म्हणाल्या, “प्रश्न मी लिहिला होता. दात कशाने घासता, हे विचारायचं मलाच सुचलं नाही.” त्यांनी दोष वाटून घेतला, माझा वाटा काही त्यामुळे कमी झाला नाही. पुढचे पंधरा दिवस मी घरोघरी फिरून प्रत्येक बाईला तो एकच प्रश्न विचारला. दारोदारी तीच उत्तरं, “तंबाखू? छे! मशेरी? ती लावतंव, मगे!” माझी चुकीची खूण खोडून नवी करताना प्रत्येक फॉर्मावर मी माझी सही केली. धुळीचा शोध असा अंगणात विरून गेला.

काकी मात्र ऐकेना. “सकाळी नाय लावली तर माका माणूस दिसना,” म्हणायची. मग मी अट घातली. तिने मशेरी सोडायची आणि रोज सकाळी जनेलापाशी कदेलवर, म्हणजे खुर्चीवर, बसून मला तोंड दाखवायचं. आंब्याच्या पानाने दात घासून ती चिडलेली बसायची. मी कुलेर घेऊन तिची जीभ बाजूला करायचो, टॉर्च लावायचो, आणि ती चमच्याआडून मला शिव्या द्यायची. पहिल्या आठवड्यात तिने मला दोनदा चावलं. तिसऱ्या आठवड्यात मला पिठाच्या डब्यात लपवलेली पुडी सापडली, आणि तिने खोबऱ्याचा तुकडा फेकून मारला. पुडी मी तिच्यासमोर परसातल्या खड्ड्यात पुरली. तिने वरून माती ओढायला मदत केली, रडत आणि मला नावं ठेवत.

पावसाळ्याच्या तोंडावर बाई पुन्हा आल्या. काकी कदेलवर बसली. बाईंनी जाळीच्या कापडात तिच्या जिभेचा शेंडा धरला, जीभ उजवीकडे ओढली, टॉर्च लावला. काकीने माझा हात घट्ट धरला होता, नखं रुतत होती. बाईंनी टॉर्च बंद केला. पुन्हा लावला. मला म्हणाल्या, “लेखनिक, या इकडे. शोधा बरं.”

मी वाकून पाहिलं. डाव्या कडेला गुलाबी, ओली, रोजची जीभ होती. चट्टा नव्हता.

काकी काहीतरी बोलत होती, पण जीभ बाईंच्या हातात. बाईंनी ती सोडली तशी ती म्हणाली, “मगे आता एकच चिमूट चलतली?”

“नाही!” आम्ही दोघं एकदम ओरडलो. बाईंनी तिचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. तंबाखूच्या रकान्यात मी ‘नाही’वर खूण केली. काकीला इंग्रजी येत नव्हतं, तरी तिने कागद ओढून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि त्या खुणेवर बोट ठेवून विचारलं, “हे खरें मां?”