बसण्णांची ग्वाही

बसण्णांनी मला फसवलं. साऱ्या सोलापुरात एकट्या मलाच.

मंगळवार पेठेत माझं लुगड्यांचं दुकान, शेजारी त्यांचं धान्याचं. गिऱ्हाईक पायरी चढलं की ते आधी सांगत, "ज्वारीत किडे हायत, चाळून घ्या." मी चिडायचो, अशाने तुमच्याबरोबर माझंही दुकान बसेल, म्हणायचो. ते डाळ पाखडत हसत. "खरं म्हणजे काय कडबा हाय, बैल बघून टाकायला?" हात चालू असले तरच त्यांचं तत्त्वज्ञान चाले. रिकाम्या हाताच्या माणसाचं ज्ञान ऐकू नये, असंही ते म्हणत.

मला मागेपुढे कोणी नव्हतं. मंद्रूपची मुलगी पाहायला जाताना वडीलधारे म्हणून त्यांनाच नेलं. माझ्या तोंडाची कीर्ती बाजारभर होती, म्हणून आधीच बजावलं: स्वभाव विचारला तर शांत आहे म्हणून सांगा. "सांगतो की," म्हणाले.

मुलीच्या वडिलांनी गूळपाणी देतादेताच विचारलं. बसण्णा म्हणाले, "लई तापट. वाटंत बैल आडवा आला तर त्याच्याशी बी भांडतो."

मी तिथंच उठलो आणि त्यांच्यावर तुटून पडलो. दिलेला शब्द काढला, वय काढलं. मुलीचे वडील पानाचं तबक उचलून आत निघाले. बसण्णा मात्र समोरच्या शेंगा सोलत होते. "बघा," ते म्हणाले, "परक्यावर कोण एवढा घसा सुकवतंय? ह्याची माया अशीच भायेर पडती."

आतून मुलीचाच आवाज आला, "भांडून झाल्यावर जेवायला येतात का?"

"सगळ्यांच्या आधी," बसण्णा म्हणाले.

तबक परत खाली आलं. लग्न झालं. बाजार मला अजूनही भितो, पण घरात मी आवाज चढवला की ही मुकाट्याने ताट वाढते.

बसण्णा अंथरुणाला खिळले तेव्हाही मी जाऊन भांडलो. कबूल करून का फिरलात, विचारलं. म्हणाले, "शंकर, जन्मात एकदाच खोटं बोललो. 'सांगतो की' म्हणालो, ते. न्हायतर तू मंद्रूपला आलाच नसतास."

ते गेले तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मीच रडलो; तो भाग वेगळा. आता त्यांचे मुलगे समाधीच्या दगडावर 'असत्य कधी बोलले नाहीत' असं कोरून घेणार आहेत. खुशाल कोरा. पण आधी माझ्यासमोर येऊन बसा आणि सांगा, मला बोलले ते काय होतं?