आकाशाकडे पाठ

विमानांचा शो बघणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये फोटो साठतात, राबणाऱ्यांकडे किस्से! चाकण पट्ट्यातले आम्ही कंपनीवाले दरवर्षी सुट्टी टाकून स्वयंसेवक होतो, त्यामुळे माझ्याकडे साठा बराच आहे.

पेंट शॉपच्या सातपुत्यांनी पहिल्या वर्षी विमानं जवळून बघायला मिळतील म्हणून नाव दिलं. ड्यूटी मिळाली थेट पुढच्या दोरीपाशी. पण आमच्या प्रमुख देशपांडे मॅडम म्हणाल्या, "दोरीवाल्यांनी तोंड गर्दीकडे ठेवायचं. वर बघायचं नाही."

"मग विमानं काय पाठीनं बघू, मॅडम?"

इतकी वर्षं त्यांनी नुसते आवाज ऐकले. यंदा ते रिटायर होऊन लातूरकडे गावी निघाले होते. म्हणजे ही शेवटचीच संधी.

*

पार्किंग दिलं होतं डिस्पॅच यार्डच्या कदमांकडे. यार्डात नव्या गाड्या लावतात तशा त्यांनी पाहुण्यांच्या गाड्या बंपरला बंपर लावल्या! एका डॉक्टरांना मध्येच निघायचं होतं.

कदम शांतपणे म्हणाले, "पुढच्या गाड्या डिस्पॅच होऊ द्या, साहेब. लाइन तोडता येत नाही."

डॉक्टरांनी झक मारत पूर्ण शो बघितला आणि जाताना कदमांचे आभार मानले.

*

गेल्या वर्षी सकाळी भोंगा तपासायला वाजवला, तर कंपनीच्या सवयीनं निम्मे स्वयंसेवक गेट सोडून चहाला! मॅडम भडकल्या. पण संध्याकाळी लोक मैदान सोडेनात, तेव्हा त्याच म्हणाल्या, "वाजवा भोंगा."

बघता बघता मैदान रिकामं. पब्लिकही कंपन्यांमधलंच होतं ना.

*

यंदा रंगीत तालमीत तरी विमानं दिसतील म्हणून सातपुते लवकर आले. त्यांना पाण्याचे जार आणायला कासारवाडीला पाठवलं. परतले तोवर विमानं उतरली होती.

"राव, माझी आणि विमानांची शिफ्टच जुळत नाही," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

*

शोची शेवटची फेरी. सगळी विमानं एकत्र येणार होती. सातपुते दोरीपाशी, तोंड गर्दीकडे. मी थोड्या अंतरावर वॉकीटॉकी सांभाळत. पुढच्या रांगेत निघोजे गावच्या एक मावशी होत्या. त्यांनी विचारलं, "दादा, तुमी एकदा बी वर बघितलं न्हाई?"

"ड्यूटी आहे, मावशी. मी वळलो की तुम्ही दोरी ओलांडणार."

मावशींनी शेजारणीला कोपरानं ढोसलं. अख्खी रांग एक पाऊल मागे सरली. मावशींनी दोरी मुठीत घट्ट धरली.

"वळा आता. आमी हाय हितं."

सातपुते वळले.

तेवढ्यात वॉकीटॉकीवर मॅडमचा आवाज आला, "पुढच्या दोरीवर कोण आहे?"

मी म्हणालो, "पब्लिक आहे, मॅडम."