मीच मागितलेला गिअरबॉक्स

मालकांचा ट्रक लष्कराच्या लिलावातला होता. निजाम जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती, आणि ढोकीपासून जळकोटपर्यंतच्या पट्ट्यात ती गाडी माझ्याशिवाय कुणालाच चालवता येत नव्हती. ही बढाई नाही. गिअर बदलायचा म्हणजे क्लच दाबून आधीचा गिअर सोडवायचा, क्लच सोडून इंजिनाचा आवाज कानानं जोखायचा, मग पुन्हा क्लच दाबून दांडा ढकलायचा. अंदाज चुकला की दाते करकरायचे आणि गाडी रस्त्यात उभी. मालकांनी दुसरे ड्रायव्हर आणून बघितले; ते तुळजापूरच्या घाटात घाम पुसत खाली उतरले. त्यामुळं माझा रुबाब होता. ज्वारीची पोती भरून होईपर्यंत मी चहा पीत बसायचो आणि मालक स्वतः येऊन म्हणायचे, "चला ड्रायव्हरसाहेब, तुमच्याबिगर हिचं पान हालत न्हाय."

पण डावा गुडघा संध्याकाळी सुजून यायचा. बायको रोज करडईचं तेल चोळायची आणि चोळता चोळता मालकांचा उद्धार करायची. शेवटी मीच तोंड उघडलं.

"मालक, सोलापुरात मोडीच्या बाजारात नव्या पद्धतीचा गिअरबॉक्स मिळतोय. एकदा क्लच दाबला की गिअर आपसूक बसतोय म्हणत्यात. गुडघा लई दुखतोय बगा."

मालक लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच हो म्हणणारा माणूस नव्हता तो. मला वाटलं, आपली कदर आहे.

सोलापूरहून मिस्त्री आला. मालकांच्या आवारात ट्रक लाकडी ठोकळ्यांवर चढवला आणि जुना गिअरबॉक्स मीच गाडीखाली उताणा झोपून सोडवला. नवा काही नीट बसेना. मागचा शाफ्ट आखूड पडत होता, तो वाढवून आणावा लागला, बसवायला नवी भोकं पाडावी लागली. हे चाललेलं असताना मालकांचा मेहुणा बाजेवर बसून पान खात होता. हा ईट गावचा, शेतात जीव रमत नाही म्हणून बहिणीकडं येऊन पडलेला.

"दाजी, आता सोपंच झालं की चालवायला," तो मालकांना म्हणाला. गाडीखाली मीही हसलो.

पहिली खेप जळकोटची केली. दांडा नुसता बोटांनी फिरत होता. गुडघा सुजला नाही. बायकोनं तेलाची वाटी धुऊन फळीवर ठेवून दिली. मी तिला म्हणालो, "मालक देवमाणूस हाय." माझ्या या वाक्याची मला आजही चीड येते.

मग मालकांनी मेहुण्याला शिकवायला सांगितलं. "तुमच्या गुडघ्याला आराम. अधूनमधून त्यो बसंल." मी शिकवलं. थोड्याच दिवसांत तो घाटातल्या वळणावर पान थुंकत गाडी हाकायला लागला. जे शिकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, ते त्याला शिकावंच लागलं नाही. ते जुन्या गिअरबॉक्सबरोबर आवाराच्या कोपऱ्यात गंजत पडलं होतं आणि कोंबड्या त्यावर बसत होत्या. आधी सोलापूरची खेप त्याची झाली, मग जळकोटचीही. मला कुणी काढलं नाही. काढलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मालक म्हणायचे, "ऱ्हावा की मागं, पोत्यांवर ध्यान ठिवा." आणि मी ज्याला चालवायला शिकवलं त्याच्या मागं, पोत्यांवर बसून जायचो.

दसऱ्याला गाडीची पूजा असायची. हार-कुंकू झालं की मालक ड्रायव्हरला पटका बांधायचे, आणि त्यानं चाकाखालची लिंबं चिरडत गाडी पुढं घ्यायची. गाडी आल्यापासून तो पटका माझ्याच डोक्यावर बसत आला होता. त्या दसऱ्यालाही मी धुतलेला सदरा घालून गेलो. मेहुणा स्टिअरिंगवर बसलेला होता, डोक्याला नवाकोरा पटका. मालकांनी माझ्या हातात लिंबं दिली.

"तुमी ठिवा चाकाखाली. तुमाला सवय हाय."

मी वाकलो. प्रत्येक चाकापाशी बसून एकेक लिंबू नीट ठेवलं आणि बाजूला झालो. उठताना गुडघा अजिबात दुखला नाही.