म्हशीमागून सिनेमात

पोरंपोरी विचारतात, "ताई, दिग्दर्शनात शिरायचं कसं? कोर्स करायचा? मुंबईत ओळख लागते?" मी खरं ते सांगते: मी म्हशीमागून शिरले. हसतात. हसू देत की!

शिरोली एमआयडीसीतली ऑफिसची नोकरी सोडली, त्या दिवसापासून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्याशी बोलणं टाकलं. आमचा म्हशींचा गोठा, दुधाचा धंदा. "चांगली नोकरी सोडून कॅमेऱ्यामागं उंडारायला निघाली," हे ते आईला ऐकवायचे, मला ऐकू जाईल अशा बेतानं.

मी गावाबाहेर चाललेल्या एका सिनेमाच्या सेटवर सहायकांची सहायक म्हणून लागले होते. तेही 'थोडे दिवस बघू, पटलं तर ठेवू' या बोलीवर. काम काय, तर पाणी द्या, कलाकारांना हाका मारा, बघ्यांना आवरा. माझ्या बोलीचा शेवटचा दिवस उजाडला तरी दिग्दर्शिका बाईंनी माझ्याकडं धड बघितलं नव्हतं.

त्या दिवशीचा शॉट असा: नायिका बांधावर रडत बसलीय आणि घरची म्हैस आपली आपण लांबून पळत येऊन तिच्याजवळ थांबते. बाई म्हणाल्या, "अशी म्हैस कुठं मिळणार?" माझी जीभ वळवळली. "आमची हाय की! हाक मारली की पळत येत्या."

आईला सांगून म्हैस टेम्पोतून आणली, मोठ्या ऐटीत. आणि ती बया जी बसली, ती उठेचना! हाका मारून घसा बसला, पेंड दाखवली, हातापाया पडले. ऊन उतरायला लागलं. कॅमेरावाले एकमेकांकडं बघून हसत होते. तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून मिरवतात. मालक सायलेन्सर काढलेली मोटारसायकल फटफटवत पुढं जातो आणि म्हैस त्या आवाजामागं पळते. आमची म्हैस आबांच्या गाडीमागं पळायची. माझ्या हाकेला ती कधी विचारतच नव्हती.

लाज गुंडाळून फोन लावला. "आबा, म्हस उठंना."

पलीकडनं एवढंच आलं, "कुठं हाईस?"

संध्याकाळच्या धारेची वेळ, गिऱ्हाईक दारात. सगळं आईवर टाकून आबा आले. सायलेन्सर काढूनच आले, अख्ख्या रस्त्याच्या शिव्या खात. गाडी नायिकेच्या मागं, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी लावली आणि मूठ पिळली. म्हशीनं कान टवकारले, उठली, आणि अशी सुटली की बाई जागच्या जागी उड्या मारायला लागल्या.

"काका, उद्या एक शॉट आहे. याल ना?"

आबांनी गाडी बंद केली. "म्हस येत्या. मी बी येतो. पण ह्या पोरीचं काय? हिला उद्या बोलवणार का न्हाय, त्ये आधी सांगा."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाई हसल्या. "ती आमचीच आहे आता. उद्यापासून माझ्याशेजारी, कॅमेऱ्याजवळ."

आबा माझ्याकडं वळले. "ऐकलंस न्हवं? मग बस गाडीवर. घरी जाऊन जेव, सकाळी लवकर उठायचंय तुला."

त्यांच्या पाठीला डोकं टेकवून मी घरापर्यंत रडले. त्या फटफटीत कुणाला ऐकू येणार होतं!