मागे गोटी असलेली फुलं

लग्न करून सासरी येताना मी फारसं काही आणलं नाही, पण एक विद्या घेऊन आले. जे हाती लागेल ते बेसनात बुडवून तळायचं. माझं माहेर उल्हासनगरच्या कॅम्प चारमधलं, आणि ही विद्या मला समोरच्या सिंधी चाचीने दिली होती. तिच्याकडे पावापासून पालकापर्यंत सगळ्याचा पकोडा व्हायचा, आणि शेवगा फुलला की त्या फुलांची दह्यातली भाजी. फुलं खायचीही असतात हे मला तिच्या स्वयंपाकघरात कळलं. आमच्याकडे फुलं देवाला आणि केसांत, संपलं. चाचीचं कापडाचं दुकान होतं, त्यामुळे फुलंसुद्धा ती तागा पारखावा तशी चिमटीत धरून बघायची. मला सांगायची, "बेटी, जिसमें माल हो वही लो. पतला-वतला छोड दो."

नव्वदच्या आसपास मी बदलापूरला आले. तिथे तेव्हा इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या, पण आमचं घर बैठं होतं, वर पत्रा आणि मागे छोटंसं परसू. माझे सासरे अंबरनाथच्या एका कारखान्यात नोकरीला होते आणि परसात दर वर्षी भोपळा लावायचे. मी त्यांना पाहिलेलं नाही. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षीच ते गेले. घरात राहिलो आम्ही तिघं: सकाळी जाऊन अंधार पडल्यावर येणारा नवरा, सासूबाई आणि मी.

सासूबाई मुळात कमी बोलणाऱ्या, त्यात तेव्हा अगदीच मिटलेल्या. मी पडले बडबडी आणि वर तापट. जेवण कसं झालंय विचारलं की त्या म्हणायच्या, "बरं झालंय." पुरणपोळी केली तरी बरं, पिठलं केलं तरी बरं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. या बाईकडून एकदा तरी "छान" म्हणून घेईन, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं.

अक्षय्यतृतीयेला त्यांनी परसात तीन आळी केली. कोकणातली चालरीत, त्या दिवशी वेलाचं बी पडलंच पाहिजे. सासऱ्यांनी राखेत घोळवून ठेवलेलं बी त्यांनी डब्यातून काढलं आणि सगळंच्या सगळं पेरलं. हात धुता धुता मला म्हणाल्या, "यांचा पहिला पक्ष आहे भाद्रपदात. पानावर याच वेलाचा भोपळा पाहिजे. विकतचा नको." लग्नानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतलं त्यांचं हे सगळ्यांत लांब बोलणं. वेलांची चाकरी माझ्याकडे आली. तांदूळ धुतलेलं पाणी, मासे धुतलेलं पाणी, चुलीतली राख, मी काही कमी पडू दिलं नाही. आषाढात तिन्ही वेल पत्र्यावर चढले आणि फुलायला लागले.

एवढाली पिवळीधमक फुलं रोज सकाळी उघडताना बघून माझे हात शिवशिवायला लागले. "भजी करू का हो आई?" मी विचारलं. "कर की," त्या म्हणाल्या. सुरुवातीला सगळी लांब दांड्याची फुलं होती. दांडा पोकळ, वर बारीक लव, आणि पिठात पडली की ती लगेच मान टाकायची. माझं काही समाधान होईना. मग आठ-दहा दिवसांनी दुसरी फुलं दिसायला लागली. आखूड, घट्ट, आणि प्रत्येकाच्या मागे बोराएवढी हिरवी गोटी! मला चाचीची आठवण आली. हा खरा माल! गोटीला धरायचं, पिठात बुडवायचं, तेलात सोडायचं. पाकळ्या कुरकुरीत आणि आत ती गोटी गोडसर, करकरीत. थोडा ओवा, थोडं तांदळाचं पीठ. मी स्वतःवरच खूश झाले.

त्यानंतर मी नुसता धडाका लावला. रोज सकाळी पिशवी घेऊन परसात. लांब दांड्याची फुलं मी वेलावरच राहू द्यायची, खुशाल वाळू देत, आणि गोटीवाली शोधून शोधून काढायची. पत्र्यावरची काढायला स्टुलावर चढायची. उमलायला दोन दिवस असलेल्या कळ्यासुद्धा मी सोडल्या नाहीत. एक दिवसाआड भजी व्हायची. शेजारी वाट्या गेल्या, नवऱ्याच्या डब्यातून त्याच्या ऑफिसात गेली. सासूबाई पानात वाढलेली दोन्ही भजी शांतपणे खायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी एक भजं मोडून आत बघितलं होतं, मग माझ्याकडे बघितलं होतं, आणि खाल्लं होतं. "कशी झालीत?" "बरी झालीत."

श्रावण अर्धा सरला. वेल असे माजले की पत्रा दिसेना, पण भोपळा औषधालाही नाही. सासूबाई रोज सकाळी परसात जाऊन दोन-चार पानं उचलून बघायच्या आणि परत यायच्या. पक्ष जवळ येत होता आणि त्यांच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. शेजारणींनी निदान केलं, दृष्ट लागली. मग मी एक जुनी चप्पल वेलाला बांधली. ती चप्पल माझीच होती, हे एका अर्थी योग्यच झालं.

बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून एक ठाकरीण रानभाज्यांची पाटी घेऊन आमच्याकडे यायची. एका सकाळी ती टाकळा घेऊन आली तेव्हा माझा घाणा चालू होता. मी तिला चहा आणि दोन भजी दिली. तिने एक तोंडात टाकलं, चावता चावता थांबली आणि माझ्या ताटातल्या न तळलेल्या फुलांकडे बघायला लागली.

"आगं सूनबाय, ह्या तं बाया हायेत!"

"म्हणजे?"

तिने गोटीवर नख टेकवलं. "ह्यो भोपला हाय ना. हिच्या पोटात हाय त्यो. आन् त्यो लांब दांड्याचा, त्यो बाप्या. बाप्याला खायाचा गं. तू वेलाच्या समद्या लेकी तलून खाल्ल्यास!" आणि ती कपाळाला हात लावून खदखदा हसली.

कढईत भजी जळायला लागली तरी मी तशीच उभी. आठवड्याला वीस-पंचवीस या हिशेबाने मी सासऱ्यांच्या पानावरचे भोपळे तळले होते, आणि वर ते वाडगे भरभरून वाटले होते. सासूबाई आत देवापाशी होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. ठाकरणीला मी हळूच विचारलं, "आता काय करू?" तिने परसात नेऊन दाखवलं. सकाळी दव असताना बाप्याच्या पाकळ्या सोलून काढायच्या आणि त्याचं पिवळं टोक बाईच्या तोंडाला हलकेच घासायचं. "मधमाशी पावसात येत नाय. तूच हो मधमाशी," ती म्हणाली.

झालं. रोज सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्या की मी परसात जाऊन लग्नं लावायची. पण वेलांचा बहर ओसरत आला होता, चार दिवसांतून एखादी गोटी दिसायची. एक पिवळी पडून गळली. एक सडली. एक धरली. तिच्यावर मी पान झाकून ठेवलं, खाली पेंढा घातला, दिवसातून पाचदा बघून आले. माझी मांजरीसारखी येरझार चालू असताना सासूबाई एकदाच म्हणाल्या, "इतकं बघितलं तर तो लाजेल." मी म्हटलं, "कोण?" त्या म्हणाल्या, "कोणी नाही."

सांगून टाकावं असं रोज वाटायचं. "आई, माझ्या हातून चूक झाली," एवढं वाक्य मी मोरीत भांडी घासताना घोकायची, आणि त्या समोर आल्या की दातखीळ बसायची. नवीन सून, त्यात सासरे गेलेले, आणि त्यांच्या हातचं शेवटचं बी. रागावल्या असत्या तर मी भांडून मोकळी झाले असते. पण त्या रागावल्याच नसत्या, नुसत्या गप्प बसल्या असत्या, आणि त्याचीच मला भीती होती.

तिथीचा दिवस उजाडला तेव्हा माझा भोपळा नारळाएवढा झाला होता, हिरवागार, कोवळा. मी विळा घेऊन परसात गेले. सासूबाई मागून आल्या. त्यांनी वाकून भोपळ्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "राहू दे. याला पिकू दे. बी धरायचंय." मग कनवटीचे पैसे काढून मला दिले. "बाजारातून एक फोड आण. लाल बघून आण."

मी गेले आणि रडतच परत आले. फोड चिरली, भाजी केली. वडे, खीर, गवार, कारलं, अळूवड्या, आमसुलाची चटणी. नवऱ्याने विधी केले. पान वाढून झालं. आम्हा दोघांचे नमस्कार झाले आणि शेवटी सासूबाई पानासमोर बसल्या. मी मागे खिरीचं पातेलं घेऊन उभी होते. त्यांनी हात जोडले आणि समोर माणूस जेवायला बसलाय अशा सुरात बोलायला लागल्या.

"अहो, भोपळा बाजारचा आहे बरं का. तुमच्या वेलाचे सगळे मीच खाल्ले, भजीत. पहिल्या दिवशीच दिसलं होतं मला आत काय आहे ते. पण पोरगी इतकी हौसेने तळत होती, आणि तुम्ही गेल्यापासून या घरात कोणी असं हसत काही केलं नव्हतं. मला थांबवावंसं वाटलं नाही. तुम्ही रागावू नका." मग जोडलेले हात तसेच ठेवून म्हणाल्या, "फार छान झाली होती हो."